अनशापोटी

भुईमुगाचा वेल उपटता उपटता रंगूबाई पोट धरून सरीतच बसली. पलूसची काळी माती कपाळाला लागावी, एवढी ती वाकली होती.

"चोरून शेंगा खाल्ल्यास काय गं?" पुढच्या पातीतून तिची सासू मनुबाई ओरडली. सून हसली नाही, तशी मनुबाई वेल टाकून धावली.

नवरात्राची पाचवी माळ होती. रंगूबाईचा नवरा कृष्णात बर्माच्या लढाईवर. पाच महिने पत्र नव्हतं. तो जिता परतावा म्हणून तिने नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढायचा नवस केला होता.

बांधावरून भाऊसो चालले होते. पलटणीच्या दवाखान्यात चौदा वर्षं मलमपट्ट्या करून पेन्शनीत आलेले. ते थांबले.

"काय घेतलंस का, पोरी?"

"दाढ लय ठणकतीया. ह्यांनी रजंवर आल्यावर ठेवल्याल्या डोकेदुखीच्या गोळ्या. दोन सकाळी, दोन सांजंला. पयल्या माळंपासनं."

"अनशापोटी?"

"आवं, औषीद अनशापोटीच लागू पडतंय न्हवं?" मनुबाई मध्येच म्हणाली.

"ती वैदूची पुडी, वयनी. ही गोळी रिकाम्या पोटाला आतनं सोलती. परसाकडं काळं होतंय का, इचारा तिला."

रंगूबाईने पदर तोंडावर ओढला. "डांबरावानी."

भाऊसोंचा चेहरा उतरला. "रगत जातंय आतनं. गोळी बंद, उपास बी बंद. गाडी जुपून आणतो, सांगलीच्या डाक्टरला दावू."

मनुबाईने बांधावरची शेळी पिळली, आपल्या शिदोरीतली अर्धी भाकरी दुधात कुस्करली आणि सुनेपुढे धरली. रंगूबाईने दात घट्ट मिटले.

"न्हाई, आत्याबाई. मी खाल्लं आन तिकडं त्यांचं काय झालं तर?"

मनुबाईचा हात थांबला. पहिल्या माळेपासून तीही त्याच नवसाच्या आधाराने झोपत होती.

"कृष्णात कुणाच्या पोटातनं आलाय?"

"तुमच्या."

"मग त्याचा उपास माझं पोट करंल." तिने घरातल्या देवीच्या घटाकडे तोंड करून हात जोडले. "आई, हिच्या उरल्याल्या माळा आजपासनं माझ्या. हिला मोकळी कर."

"तुमचं वय, आत्याबाई..."

"गिळ म्हंते न्हवं!"

रंगूबाईने रडत घास गिळला.

गाडी चिंचेआड गेल्यावर मनुबाईने शिदोरीचं फडकं सोडलं. उरलेली अर्धी भाकरी शेळीपुढे टाकली आणि ती पातीत वाकली.