बाटल्यांवरचा डिंक

यंदा मध व्यापाऱ्याच्या डब्यात ओतायचा नाय, म्हसा गावच्या जत्रेत आपल्या हातानं विकायचा, असं मी घरात ठणकावून सांगितलं. माझा नवरा मंगळू कड्यावर लटकून, माश्यांचे डंख खाऊन पोळी काढतो. आणि तो मेला व्यापारी त्यात गुळाचं पाणी घालतो, वर आमच्या वाडीचा मध म्हणून खपवतो! बदनामी आमची होते. मला ते सहन होत नव्हतं.

गिऱ्हाईक मधाचा रंग बघतं, म्हणून बाटल्या काचेच्या पायजेत. माझी बहीण गोजर शहापूरला हायवेच्या हॉटेलात भांडी घासते. तिनं वाइनच्या चाळीस रिकाम्या बाटल्या दिल्या, पांढऱ्या काचेच्या तेवढ्या निवडून. पण प्रत्येकीवर दारूचं लेबल. शेजारची बाईजा म्हणाली, अशाच मांडल्यास तर तुझ्याकडं दारुडेच येतील गो.

कागद गरम पाण्यात सुटला. खालचा डिंक मात्र हटेना. राखेनं घासलं, वाळूनं घासलं, विळ्यानं खरवडलं. बोटं सोलली. मग मीच शहाणपणा केला. आमच्याकडं अडलं की घासलेट, गंजल्या कडीलाही तेच नि काटा रुतला तरी तेच. बारा बाटल्या घासलेटाच्या बोळ्यानं पुसल्या, काडीला गुंडाळून आतूनही. डिंक गेला, पण वास काय जाईना. एकीत मध ओतून सासूला चाखवला, तर तिनं थुंकून टाकला. जत्रा दोन दिवसांवर आणि मी डोक्याला हात लावून बसले.

मंगळू म्हणाला, जाऊ दे रखमे, व्यापाऱ्याला घालू. माझं टाळकंच फिरलं. अजून अठ्ठावीस बाटल्या हायेत, म्हटलं, हात लावलास तर बघ.

माझी सासू काशी उठली. तिनं मोहाच्या तेलाची बरणी काढली, वर्षाच्या कालवणाचं तेल. थंडीनं गोठलं होतं, ते चुलीपाशी पातळ केलं. बाटल्यांना बाहेरून चोपडलं, उन्हात ठेवलं आणि दुपारी सुक्या राखेनं पुसलं. डिंक गोळ्या होऊन निघाला. मग आमी दोघींनी त्या गरम पाण्यानं आतूनबाहेरून धुतल्या. संध्याकाळपर्यंत पाठ मोडली, पण अठ्ठावीस बाटल्या लख्ख झाल्या.

जत्रेत शहरातली एक बाई आली. बाटली फिरवून फिरवून बघितली.

"ही दारूची बाटली ना?"

मंगळूनं मान खाली घातली. दुकानातून आणली, असं मला सांगता आलं असतं. मी बूच काढलं.

"होती. दोन दिवस घासलीय. वास घ्या, चाखा, मग बोला."

तिनं वास घेतला. बोटावर मध घेऊन चाखला. कुणी काढला, विचारलं. मी मंगळूकडं बोट केलं, तेव्हा त्यानं मान वर केली.

तिनं दोन बाटल्या पिशवीत ठेवल्या. जाता जाता थांबली.

"पुढच्या वर्षी तुम्हाला शोधायचं कसं?"

"रखमीचा मध म्हणून विचारा," मी म्हटलं.