छपरातून घ्यायचा माणूस

काल्विओ परत आला त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की माझ्याच होडीचं टोक मला दिसत नव्हतं. खाजणातलं धुकं हे असंच, बसलं की पाहुण्यासारखं बसतं. मी अंगणात बोरूच्या पेंढ्या बांधत होतो. पाण्यावर वल्ह्याचा आवाज झाला आणि कुणीतरी हाक मारली, "गौदेंतिया!"

माझी बायको चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि सरळ चालत पाण्यात गेली, गुडघाभर. तिच्या झग्याचा घेर पाण्यावर पसरला तरी तिला कळलं नाही. तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता, पण कोणाचा ते मला कोणी सांगावं लागलं नाही.

तो तिचा पहिला नवरा. सहा वर्षांपूर्वी हुणांनी आक्विलेया जाळलं तेव्हा त्याला दोरीला बांधून डोंगरापलीकडे नेलं होतं. आम्ही उरलेसुरले होड्यांत बसून इथे खाजणात आलो, चिखलात खांब ठोकले आणि मीठ-मासळीवर जगायला शिकलो. काल्विओच्या आंधळ्या आईला, नेरियाला, जळत्या गल्लीतून पाठीवर घेऊन मीच बाहेर काढलं होतं. सून तिच्या मागून आली. तीन वर्षं दोघींनी वाट पाहिली. मग म्हातारीनंच मुलाचा अंत्यविधी उरकला. प्रेत नव्हतं, म्हणून खड्ड्यात त्याचा हातोडा ठेवला. तीनदा नाव घेऊन हाक मारली, ओ आली नाही, माती लोटली. त्यानंतर तिनंच गौदेंतियाचं माझ्याशी लग्न लावून दिलं.

आता तो दाराशी उभा होता. केस गेलेले, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. उंबऱ्याकडे पाऊल टाकणार तोच आतून म्हातारी ओरडली, "थांब! आत येऊ नकोस!"

"आई, मी आहे."

"तूच आहेस म्हणून तर. तुला माती दिलीय मी, या हातांनी. माती दिलेला माणूस दारानं येत नसतो. छपरातून घ्यावा लागतो. माझ्या आजीच्या भावाला असंच घेतलं होतं."

"माती? कशाला दिलीत माती?"

"तुझ्या हातोड्याला."

"आई गं! चांगला हातोडा होता की तो!" तो म्हणाला, आणि हसता हसता रडायला लागला.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. कारण छप्पर माझं होतं. खाजणातली निम्मी घरं मी शाकारली आहेत, आणि एकानं शाकारलेल्या छपराला दुसऱ्यानं हात लावायचा नाही हा आमच्यातला नेम आहे. तेव्हा भोक पाडायचं ते मीच, आणि मी म्हणालो, "पाऊस तोंडावर आलाय. आत्ता उघडलं तर आढं कुजेल." पावसाचा मागमूस नव्हता. काल्विओनं वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि होडीत जाऊन बसला.

दुपारी पाद्री आले. "उर्सिओ, बिशपांना रोमहून पत्र आलंय. कैदेतून सुटून आलेल्याची बायको त्याचीच. दुसऱ्या नवऱ्याचा दोष नाही."

"दोष नाही, म्हणजे मला काय मिळतं?"

"दोष मिळत नाही," पाद्री म्हणाले. "पण तो घरात घेतला गेल्याशिवाय परत आला असं मला धरता येत नाही. आणि ते छपराचं खूळ जुन्या देवांच्या वेळचं आहे. त्याला दारानं घ्या."

"आत जाऊन म्हातारीला सांगा ना तेवढं."

त्यांनी आत डोकावून पाहिलं. म्हातारी त्यांच्याच दिशेनं तोंड करून बसली होती. पाद्रीबाबांना एकदम दुसरीकडची घाई आठवली.

म्हणजे गोष्ट सरळ होती. छप्पर बंद, तोवर बायको माझी.

दुसऱ्या दिवशीही धुकं उठलं नाही. गौदेंतिया त्याला जवाची पेज आणि खारवलेला मासा होडीत नेऊन द्यायची आणि मान खाली घालून परत यायची. शेवटी मीच आंबट दारूचा तांब्या घेऊन त्याच्या होडीत जाऊन बसलो. का, ते मला विचारू नका. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती.

"आपल्या शहरातून आलास?" मी विचारलं.

"तिथूनच. झोपेत चालावं तसा चाललो. बाजारात कमरेएवढं गवत आहे. कोणी नाही, कुत्रंसुद्धा नाही." त्यानं घोट घेतला. हा शहरात फरशीवर रंगीत खडे बसवायचा. "माझ्या हातची एक फरशी सापडली, माशांची. घराला छप्परच नाही, त्यामुळे वर वीतभर पाणी साचलेलं. वारा आला की माझे मासे हलायचे, उर्सिओ. मी बसून राहिलो. उठावंसंच वाटेना. वाटलं, मी मेलोच असेन, आणि मेलं म्हणजे हेच असतं."

"मग उठलास कशाला?" मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

तो रागावला नाही. "तेच ना," म्हणाला. मग माझ्या घराकडे बघत राहिला. धुक्यात घर असल्या-नसल्यासारखं दिसत होतं. "छप्पर मात्र झकास शाकारलंयस. आईला थंडीत त्रास नसेल."

"थेंब गळलेला नाही."

"तिला पाठीवर तू आणलंस म्हणे."

"हाडांचं गाठोडं ते. त्यात काय."

शत्रूनं शत्रूसारखं वागावं, निदान एवढी मेहरबानी तरी करावी माणसानं. त्या दुपारी तिथेच होडीत मला डुलकी लागली. मला आमचं शहर दिसलं, पाण्याखाली, सगळे दिवे लागलेले, आणि मी वरून होडी वल्हवत होतो आणि कुणाच्याच दाराशी थांबता येत नव्हतं. जागा झालो तर काल्विओनं आपलं घोंगडं माझ्या अंगावर घातलं होतं.

तिसऱ्या दिवशी म्हातारीनं खाणं सोडलं. "डोळे नाहीत मला. बघायचं ते हातानं बघते," ती म्हणाली. "मुलगा भिंतीपलीकडे आहे आणि मी हात कोणाला लावू? या वाडग्याला?" तिला बाहेर उचलून नेतो म्हटलं तर तिनं माझा हात झटकला. बाहेर तो मेलेलाच होता, आणि मेलेल्याला ती शिवणार नव्हती.

मी गौदेंतियाला पेंढ्यांच्या ढिगामागे गाठलं. "खरं सांग. पत्र आलंच नसतं तर?"

ती बोटं चोळत म्हणाली, "तुझ्यावर माझा जीव आहे. खोटं नाही सांगत. पण त्याची वाट बघणं सोडलं असं तुला म्हणाले होते, ते खोटं होतं. मला वाटायचं, सुटेल. नाही सुटलं. तू छप्पर उघडू नकोस म्हणालास तर मी तुझ्या घरात राहीन, तुझं सगळं करीन. तोंडातून शब्द काढणार नाही."

"हे नको होतं सांगायला."

"तूच विचारलंस."

मी शिडी लावली.

आढ्याजवळची बांधणी सुरीनं कापली. पेंढी काढली की खालची सुटते, तिच्याखालची सुटते. सहा वर्षांची धूळ उडाली. शेवटी माणूस मावेल एवढं भोक झालं आणि धुक्यातला पांढुरका उजेड खाली म्हातारीच्या अंथरुणावर पडला. तिनं तोंड वर केलं, जणू तिला दिसलं. काल्विओ शिडीनं वर आला. मी त्याच्या काखेतून दोर घातला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि त्याला सोडायला लागलो.

त्याचं सगळं वजन माझ्या दोन हातांत होतं. खाली घट्ट चोपलेली जमीन होती. मनात आलं नाही असं कसं म्हणू? आलं. दोर तळहातातून सरकत गेला, कातडी सोलली, आणि मी त्याला पिसासारखं खाली टेकवलं.

म्हातारी त्याचा चेहरा चाचपत होती. कपाळ, कान, तुटक्या बोटांची खुंटं. "जन्मला गं बाई," म्हणत होती, "जन्मला!" गौदेंतियानं आधी हात पुढे केला, मग मागे घेतला, मग त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून ती अशी रडली की तीन वर्षांत माझ्यापाशी कधी रडली नव्हती. मी वरून बघत होतो. इतकं बघायला नको होतं.

छप्पर उघडं टाकता येत नाही. ते बाहेरूनच शाकारावं लागतं, आतून होत नाही. मी नव्या पेंढ्या घेतल्या आणि कडेपासून एकेक लावत आलो, नेहमीपेक्षा दाट. भोक लहान होत गेलं. शेवटी वाडग्याएवढं उरलं, आणि त्यातून गौदेंतियाचा चेहरा वर बघत होता.

"उर्सिओ!" म्हातारीनं हाक मारली. "अरे, वर काय करतोस अजून? आत ये की!"

"मी मेलेलो नाही, म्हातारे," मी म्हणालो. "मी दारानं येईन."

शेवटची पेंढी बसवली, दोरी आवळली, गाठ मारली. मग शिडी उतरलो. दार उघडंच होतं. मी दारासमोरून चालत गेलो आणि माझ्या होडीचा दोर सोडला.