जलजक्काची पडताळणी

बंगळुरूच्या ऑफिसात माझं काम ठरलेलं आहे. बँकेचा ग्राहक मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावतो. मी त्याचा चेहरा बघायचा, आधार आणि पॅन कॅमेऱ्यासमोर धरायला लावायचं, चार प्रश्न विचारायचे आणि हा माणूस तोच आहे असा शेरा मारायचा. समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे, हे कळावं म्हणून मध्येच ‘मान डावीकडे वळवा’, ‘नाकावर हात ठेवा’ अशी फर्मानं सोडायची. लोकांना त्याचं हसू येतं. हुबळीच्या एका आजोबांनी तर मला विचारलं होतं, “पोरी, आता उठाबशा पण काढू का?”

जलजा सुवर्ण मात्र हसली नाही.

साठी उलटलेली बाई. गाव मल्प्याजवळचं पडुकेरे. खातं जुनं होतं, केवायसीची मुदत संपली होती, आणि ती झाल्याशिवाय मोबाइलवरून ठेव मोडता येत नव्हती. म्हणून हा कॉल. रुंद चेहरा, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, केस मोकळे, ओठ कोरडे पडलेले. मागे गुलाबी भिंत आणि खिडकी. खिडकी बंद होती. भर दुपारी, त्या उकाड्यात, समुद्रकाठच्या घरात खिडकी बंद आणि दिवा चालू. मी त्याच किनाऱ्यावर, कापू गावात वाढले आहे. आमच्याकडे कुणी मेलं तरी खिडकी लावत नाहीत.

“नमस्कार, मी विनिता कर्केरा. तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का?” मी कन्नडमध्ये विचारलं.

“कोणी नाही. मी एकटी आहे. मी माझ्या मर्जीने करतेय,” तिने मोडक्यातोडक्या हिंदीत उत्तर दिलं.

मर्जीचं मी काहीच विचारलं नव्हतं.

जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं. माझे प्रश्न कन्नडमध्ये, तिची उत्तरं हिंदीत. आणि प्रत्येक उत्तराआधी तिची नजर डावीकडे कशावर तरी जायची, तिथून जणू परवानगी घेऊन परत यायची. तिकडे कोणीतरी खाकरलं. पुरुषाचा आवाज होता, पण खोलीतला नव्हता. दुसऱ्या फोनमधून आल्यासारखा, पत्र्याचा.

माझ्या लक्षात आलं. फोनवरून पोलीस असल्याचं सोंग घेऊन माणसाला घरातच डांबून ठेवतात, त्याबद्दलची एक फीत आम्हाला दर तीन महिन्यांनी दाखवतात. फीत बघताना आम्ही वेफर्स खातो.

अर्ज नाकारला असता तर तिने पुन्हा कॉल लावला असता, आणि तो माझ्या शेजारच्या कुणाकडे गेला असता. त्याला तुळू आली नसती. मला येते. ती आमची घरातली भाषा. घाट चढून वर आलं की कुणाला तिचा एक शब्द कळत नाही. मी चेहरा तसाच ठेवला, आवाजही प्रश्न विचारल्यासारखाच ठेवला, आणि तुळूत म्हणाले, “अक्का, मी कापूची आहे. तुम्हाला कुणी धमकावतंय का? तसं असेल तर काही बोलू नका, नुसता नाकावर हात ठेवा.”

तिचे डोळे एकदम माझ्यावर आले. पहिल्यांदाच. हात मांडीवरून थोडा उचलला गेला. मला वाटलं, सुटली.

हात तिथेच थांबला. मग ती डावीकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, “साहेब, तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं. ही बँकेतली बाई, कापूची आहे म्हणते, मला आमच्या भाषेत विचारतेय, कुणी धमकावतंय का म्हणून.”

तो पत्र्याचा आवाज स्पष्ट, सावकाश बोलायला लागला.

“विनिता कर्केरा. तुमचा चेहरा आमच्याकडे रेकॉर्ड झालाय. बँकेतली माणसं या टोळीला सामील आहेत, हे आम्हाला ठाऊकच होतं. आरोपीला सावध केलंत. आता तुमच्यावरही गुन्हा. वडील कुठे असतात तुमचे? कापूलाच?”

तो चोर आहे हे मला माहीत होतं. शंभर टक्के माहीत होतं. तरीही माझ्या नावावरचं सिमकार्ड मी कधी कुणाला दिलं होतं का, कुठे सही केली होती का, असलं काहीबाही आठवायला लागले. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, “सॉरी सर.”

कॉल तुटला. पडद्यावर तिचा गोठलेला चेहरा क्षणभर राहिला आणि गेला.

आमचे टीम लीडर लॉरेन्स सर दोन खुर्च्या सोडून बसतात. मी उठून त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, आधी तिचं खातं गोठवलं, मग म्हणाले, “शेरा मार आणि सोडून दे. पैसे आता हलत नाहीत.”

“पैशाचं नाही सर. ती बाई आत एकटी आहे. पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर ते तिला काय काय सांगतील? घरामागे समुद्र आहे.”

“ग्राहकाचा पत्ता घेऊन बाहेर फोन करायचा नाही, माहितीये ना? नोकरी जाईल.”

“मग तुम्ही करा.”

“वर मेल टाकतो. सायबरवाल्यांनाही कळवतो.”

“आणि तोवर?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तू बाथरूमला गेलीस असं मी धरतो,” ते म्हणाले.

आमचे मोबाइल बाहेर लॉकरमध्ये असतात. किल्ली भोकात जाईना. माझी बेबी मावशी मल्पे बंदरात मासळी विकते. तिने फोन उचलला तेव्हा मागे नुसता कलकलाट चालला होता.

“मावशी, पडुकेऱ्याची जलजा सुवर्ण माहितीये तुला?”

“जलजक्का? तिला कोण ओळखत नाही! मासळीच्या लिलावाला उभी राहायची तेव्हा बोटीवरचे बाप्ये दबून असायचे. का गं, तुझ्या बँकेला पण शिव्या घातल्या काय तिने?”

“तिला घरात डांबलंय. फोनवर चोर आहेत, पोलीस आहोत म्हणतायत.”

“जलजक्काला? डांबणारा अजून जन्माला यायचाय.”

“मावशी, हसू नकोस. मी तिला बघितलंय आत्ता. तू जा.”

“बरं बाई, जाते. एवढी टोपली विकू दे.”

“टोपली टाक तिथेच!” मी इतक्या जोरात ओरडले की लॉकरजवळचा शिपाई दचकला.

पुढचं मला मावशीने नंतर सांगितलं, आणि एकदा नाही, कितीदा तरी.

मावशी आणि बंदरातल्या आणखी तिघी मासळीवाल्या रिक्षाने गेल्या. दाराला आतून कडी. हाका मारल्या तर आतून आवाज आला, “जा इथून. मला कुणाशी बोलायचं नाही.” आवाज इतका बारीक की मावशीला वाटलं, आत दुसरीच कुणी बाई आहे.

“अगं जलजक्का, मी बेबी! धन्याची शपथ आहे तुला, दार उघड.”

“धन्याचं नाव काढू नका!” ती आतून किंचाळली.

धन्या म्हणजे धनराज, तिचा एकुलता एक मुलगा, जहाजावर खलाशी. जहाज खोल समुद्रात होतं, कित्येक दिवस फोन नव्हता. नेमकं तेच त्या लोकांनी धरलं होतं. तुझ्या मुलाने पाठवलेल्या पार्सलात गर्द सापडलंय, तुझं खातं तपासायचंय, ठेव सरकारजमा करून दाखव, निर्दोष ठरलीस तर परत मिळेल. कुणाला एक शब्द बोललीस तर पुढच्या बंदरात त्याला बेड्या. मुलाने घरी ठेवलेल्या जुन्या फोनचा कॅमेरा दोन दिवसांपासून तिच्यावर रोखलेला होता. झोपतानाही. संडासला जायचं तरी ती त्या माणसाला विचारून जात होती.

मावशी मागे स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथली कडी ढिली होती. मासे कापायच्या सुरीने तिने ती फटीतून वर उचलली. आत जाऊन बघते तर डब्याला टेकवून ठेवलेला फोन, आणि त्याच्यापुढे दोन्ही हात पसरून जलजक्का उभी.

“बंद करू नका! बंद केलात तर धन्याला नेतील!”

मावशीने तिला कवेत घट्ट धरलं. अंग लाकडासारखं ताठ, आणि आतून थरथरतंय. तिने मावशीच्या हाताचा चावा घेतला. तो वण मी पाहिला आहे. तोवर दुसऱ्या एकीने फोन उचलला. पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे झेंडा. “कोण तू? सरकारी कामात अडथळा आणतेस?” तो ओरडला.

“तू ये की मल्प्याला,” ती म्हणाली, “बर्फात घालून ठेवते तुला, बांगड्यांशेजारी.”

पडदा काळा झाला. जलजक्का मटकन खाली बसली आणि छाती पिटत रडायला लागली. मुलगा गेला असंच तिने धरलं होतं. थोड्या वेळाने ठाण्यातला खरा शिपाई आला, बिचारा भला माणूस होता. तर ती तांदळाच्या पिंपामागे जाऊन लपली. दुसऱ्या दिवशी धनराजला जहाजावर लावून देणाऱ्या मंगळूरच्या एजंटाने जहाजाशी बोलणं करून दिलं. धनराज म्हणाला, “अम्मा, काय झालं?” तरी तिने त्याला त्याच्या लहानपणचं काहीबाही विचारलं, आणि मगच त्याच्याशी बोलली.

मला लेखी ताकीद मिळाली. पुढे कित्येक दिवस अनोळखी नंबर आला की मी फोन उशीखाली दडपून ठेवायचे.

गोकुळाष्टमीला गावी गेले तेव्हा मावशी मला पडुकेऱ्याला घेऊन गेली. जलजक्का दारात बसली होती. मला बघून ती उठली, आत जायला निघाली, मग थांबली. माझा चेहरा तिच्यासाठी त्या दिवसाचाच होता.

मावशी चहा टाकायला आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, “तू खरंच बँकेतली होतीस?”

“हो अक्का.”

“आणि ते?”

“ते चोर होते.”

“सगळे तेच म्हणतात. धन्या पण म्हणतो.” तिने माझं मनगट धरलं. “पण मला रात्रंदिवस वाटतं, ते खरेच होते. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला लपवून ठेवलंय. एक दिवस येतील ते.”

तो आवाज मीही ऐकला होता.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल येऊन थांबली. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. श्वास धरून ती दाराकडे बघत राहिली, आणि खरं सांगते, मीही. फाटक वाजलं, शेजारच्या घराचं. कुणीतरी नारळ टाकून गेलं. गाडी पुन्हा सुरू झाली, लांब गेली.

तिने हळूहळू हात सोडला. पदराने कपाळ पुसलं.

“जेवून जा,” ती म्हणाली. “भात झालाय.”