औषधाला लागलेल्या मुंग्या

घरात त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणापासून एका जागी बूड टेकेल तर शपथ! पुढे डॉक्टरांनी लक्ष लागण्यासाठी कॅप्सूल सुरू केल्या आणि तोच भिंगरी सुतारकामाच्या वर्गात पहिला आला. तेव्हापासून आई ती बाटली जिवापाड जपायची.

त्याच बाटलीवर ताईचा डोळा गेला. ताई म्हणजे घरातली हुशार लेक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गुण घसरले की शिष्यवृत्ती जाणार आणि शिष्यवृत्तीबरोबर कॉलेजही. वर्गातली कितीतरी मुलं परीक्षेआधी अशीच औषधं घ्यायची. एकदा मैत्रिणीनं तिलाही एक कॅप्सूल दिली, आणि काय सांगावं, पुस्तकातून मान वर करावीशीच वाटेना! मग आपल्याच स्वयंपाकघरात बाटली असताना लोकांपुढे हात कशाला पसरायचा?

कॅप्सूल कमी झाल्या तर आईला कळणार. म्हणून बाईसाहेबांनी शक्कल लढवली. आतलं औषध आपण घ्यायचं आणि रिकाम्या टरफलात पिठीसाखर भरून ठेवायची. परीक्षेपुरतंच तर आहे, असं ती मनाला समजवायची. पण एक परीक्षा संपली की दुसरी दारात उभी. आता औषधाशिवाय एक पान उलटत नव्हतं, झोप उडाली होती, छातीत धडधडायचं.

"अभ्यासानं पोर वाळली गं माझी," आई म्हणायची. ते ऐकून ताईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी रात्री ती पुन्हा बाटली उघडायची.

इकडे भिंगरीचं सगळंच बिनसलं. कपाटाचे खण आखूड कापले, बोट तुटता तुटता वाचलं, आणि सरांनी यंत्राला हात लावायला बंदी केली. त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "मी उद्यापासून जात नाही. नाव काढून टाकतो."

"औषध घेतोयस ना वेळेवर?" आईनं विचारलं.

"घेतो गं. औषध तरी काय करणार? मुळात डोक्यातच काही नाही."

आई तरातरा उठली. बाटली काढायला गेली आणि ओरडलीच, "अगंबाई! औषधाला मुंग्या?" झाकणाभोवती रांग लागली होती. तिनं एक कॅप्सूल उघडली, जिभेला लावली. "साखर! त्या औषधवाल्यानं फसवलं मेल्यानं! उद्या भर दुकानात त्याची हजेरी घेते!"

गप्प बसली असती तर ताई सुटली असती. उद्या तिचा पेपर होता. पण तिची नजर भावाच्या बोटावरच्या पट्टीवर गेली आणि तिला राहवेना.

"औषधवाल्याला काही बोलू नकोस, आई. साखर मी भरली. औषध मी खात होते."

आई मटकन खाली बसली. भिंगरी ताटावरून उठला. आता हा मला मारणार, असं ताईला वाटलं, आणि त्यानं मारावं असंही वाटलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"सहामाहीपासून."

"खण बिघडले, ते त्यानंतरच ना?"

"हो रे. सगळं माझ्यामुळे झालं."

त्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे ताई, मी ढ नाही?"

ताई ओक्साबोक्शी रडायला लागली. "नाहीस रे राजा. उद्या तुझ्या सरांना मी स्वतः सांगते."

"आणि तुझा पेपर?"

"राहू दे तो पेपर," ताई म्हणाली.