पट्ट्याचा पीळ

राजरत्ननं मलकापुरात जुनी गाडी घेतली होती. गाडी तशी ठणठणीत, फक्त पुढच्या डावीकडच्या सीटचा पट्टा एकदा ओढला की परत आत जात नसे, नुसता लोंबत राही. त्या रविवारी तो बायको स्वप्ना आणि चार वर्षांची लेक दीक्षा ह्यांना घेऊन विट्याला मेव्हणीकडं निघाला. कडेगावच्या अलीकडं पट्टा दारात सापडून बाहेर फडफडायला लागला, तशी त्यानं उसाच्या कडेला गाडी थांबवली.

"आता लावतोच ह्याचा निकाल," म्हणत तो डाव्या दारातून वाकला. त्याच सीटवर दीक्षा खेळत होती, स्वप्ना मागं पिशवीत पाण्याची बाटली शोधत होती. वरच्या कडीत पट्ट्याला पीळ पडलेला त्याला दिसला. त्यानं तो बोटांनी उलगडला. पट्टा सर्रकन आत पळाला.

"जमलं!" म्हणून त्यानं खाली बघितलं.

सैल पट्ट्याचे दोन वेढे दीक्षानं खेळता खेळता गळ्यात घालून घेतले होते. ते आता आवळले होते. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता.

राजरत्ननं पट्ट्याला हिसका दिला. आत कटकन काहीतरी अडकलं. दुसरा हिसका. पट्टा हलेना.

"आवं, ओढू नका!" स्वप्ना मागून झेपावली. तिनं पट्ट्याखाली, पोरीच्या गळ्याशी दोन बोटं घुसवली. "हिसक्यानं त्यो आणखी धरतोय, जरा आत सोडला की मोकळा होतोय. काल गाडी पुसताना बघितलंय मी. सोडा!"

"सोडू? आणखी आवळंल की गं!"

"माझी बोटं हायत मधी. सोडा!"

दीक्षाचे ओठ निळे पडत चालले. राजरत्नची मूठ उघडेना. स्वप्नानं दुसऱ्या हातानं त्याचं मनगट झटकलं. पट्टा आत ओढला गेला, तिची बोटं चेंगरली. आत बारीक टक् वाजलं.

"आता ओढा. लय हळू."

त्यानं श्वास रोखून ओढला. पट्टा बोटभर आला, मग वीतभर. एक वेढा निघाला, दुसरा निघाला. दीक्षा खोकली आणि तिनं भोकाड पसरलं.

राजरत्ननं तिला उचलून स्वप्नाच्या मांडीवर दिलं आणि गाडी पळवली.

कडेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दीक्षाचा गळा तपासला. वळ उठला होता, बाकी काही नव्हतं. स्वप्नाचं एक बोट मात्र मोडलं होतं. पट्टी बांधताना ती हूं की चूं करेना. शेजारी राजरत्नच रडत होता.