चढावरची दाढ

डॉक्टरांची सायकल झोपायच्या खोलीत राहायची. आली होती ती दोन रात्रींपुरती, बाल्कनीतली गळती दुरुस्त होईपर्यंत. गळती दुरुस्त होऊन वर्ष उलटलं, तरी बाईसाहेब हलल्या नाहीत. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये ती अशी काही टेकून उभी असे की कपाटाचं डावं दार उघडायचंच नाही. त्यामुळे डॉक्टरांची बायको वर्षभर फक्त उजव्या खणातले कपडे घालत होती. ती शाळेत भूगोल शिकवायची, आणि वर्गातली मुलं आता बाईंच्या कपड्यांवरून वार ओळखू लागली होती.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून पाहिल्यामुळे पाठ धरायची, म्हणून पन्नाशीला त्यांनी सायकल घेतली. आता सायकलवर वाकून बसल्यामुळे तीच पाठ जरा खालच्या बाजूला धरायची. याला ते सुधारणा म्हणत.

शेवटी टेकडीच्या शर्यतीचा विषय निघाला तेव्हा बायकोने डाव साधला.

"त्या शर्यतीत माझा भाऊही उतरतोय म्हणे," ती वह्या तपासता तपासता म्हणाली. "तुमच्या पाठोपाठच सुटणार आहे."

शर्यत हौशी लोकांची होती. सगळ्यांनी एकदम सुटायचं नाही. एकेकाने मिनिटामिनिटाच्या अंतराने निघायचं, वारा चुकवायला कुणाच्या आडोशाला राहायचं नाही, आणि घड्याळाशी काय ते भांडून टेकडीचा माथा गाठायचा.

"मग?" डॉक्टर सावध झाले.

"मग काय. तो तुमच्या आधी वर पोचला, तर सायकल जिन्याखाली. तुम्ही आधी पोचलात, तर मी जन्मात कपाटाचं नाव काढणार नाही."

"अगं, जिन्याखाली ओल असते."

"म्हणून तर जोरात चालवा."

जिन्याखाली गेलेली वस्तू पुन्हा वर आल्याचं त्या इमारतीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिथे कुणाचा तरी पाळणा होता, आणि त्यातलं बाळ आता वकिली करत होतं. डॉक्टरांनी उठून सायकलची सीट पुसली. सकाळी डोळे उघडले की त्यांना आधी सायकलचं पुढचं चाक दिसायचं, आणि आज कुणाची तरी दाढ उपटायची आहे हे घटकाभर विसरायला व्हायचं. माणसाला याहून जास्त काय लागतं, असं त्यांना वाटे. बायकोला कपाट लागतं, हे त्यांच्या ध्यानात येत नसे.

मेहुणा फरशा विकायचा. तिशीतला, तुकतुकीत, सायकलही भाऊजींच्या सायकलीच्या निम्म्या वजनाची. त्याला एकच खोड होती. भाऊजींच्या दवाखान्यात त्याने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. घरी जेवायला आला तरी तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसे आणि विनोद झाला तर नाकातून हसे.

शर्यतीच्या सकाळी चांगलाच गारठा होता. मेहुणा रांगेत डॉक्टरांच्या मागे उभा राहून मांड्या झटकत होता.

"भाऊजी, वाटेत भेटूच," तो म्हणाला.

"भेट की. मी कुठे पळून चाललोय."

"तेच म्हणतोय मी."

खुणेचा झेंडा पडला आणि डॉक्टर निघाले. सुरुवातीचा सपाट रस्ता त्यांनी झोकात कापला. पहिल्या चढावर झोक गेला, दुसऱ्यावर श्वास गेला, आणि तिसऱ्या वळणावर, जिथे रस्ता भिंतीसारखा अंगावर येत होता, तिथे सगळ्यात हलका गिअर लावूनही सायकल एखाद्या हट्टी पेशंटसारखी जागची हलेना. माथ्यावरचं कापडी तोरण आता दिसत होतं. त्याच वेळी मागून साखळीची किर्र ऐकू आली.

मेहुणा बाजूला आला. डॉक्टरांना जिन्याखालचा पाळणा दिसला. आता निदान हसून वाट द्यावी, म्हणून त्यांनी मान वळवली.

मेहुण्याचं तोंड सताड उघडं होतं. चढावर कुणाचंही असतं. पण ते वाकडं उघडं होतं. डावा गाल त्याने आत ओढून धरला होता, आणि दर श्वासाला, गार हवा आत शिरली की, डावा डोळा बारीक होत होता. डॉक्टर शर्यत विसरले, पाठ विसरले. पंचवीस वर्षं जे तोंडातून आपोआप बाहेर पडत आलं होतं, तेच आताही पडलं.

"डावीकडची खालची दाढ," ते धापा टाकत म्हणाले. "कधीपासून दुखतेय? आ कर."

मेहुण्याने खाडकन तोंड मिटलं.

त्यात त्याचा तरी काय दोष. उभा जन्म ज्या दोन शब्दांना तो चुकवत आला होता, ते त्याला टेकडीवर, पळायला जागा नसताना, गाठून बसले होते. पण भिंतीसारखा चढ नुसत्या नाकाने चढता येत नाही. मेहुण्याची सायकल डगमगली, मंदावली, आणि हळूहळू डॉक्टरांच्या मागे पडली.

"अरे, तोंड उघड, गुदमरशील," डॉक्टर मनापासून म्हणाले.

त्याने ओठ आणखीच घट्ट केले.

तोरणाखालून डॉक्टर आधी गेले. त्यांच्या मागे चाकाला चाक लावून मेहुणा आला, पिकलेल्या टोमॅटोसारखा लाल आणि तितकाच मुका. घड्याळाच्या हिशेबाने अर्थात तोच सरस ठरला होता, जवळजवळ मिनिटभराने. पण पैज घड्याळाशी नव्हती. पैज बायकोशी होती, आणि ती समोरच थर्मास घेऊन उभी होती.

"मी आधी आलो," डॉक्टर सायकलच्या दांड्यावर लोळत म्हणाले.

"दिसलं. याला काय झालंय?"

"दाढ किडलीय."

"काही नाही झालेलं," मेहुणा दातांच्या फटीतून म्हणाला.

"आ कर," त्याची ताई म्हणाली.

ताईपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. तिने हनुवटी धरून ते उन्हाकडे वळवलं.

"अरे, ही दाढ आहे की दरी? चार दिवस आमच्याकडे राहायचंस. घरी सोडलं तर तू पुन्हा तोंड दाखवणार नाहीस."

"आणि माझी सायकल?"

"जिन्याखाली ठेव."

"तिथे ओल असते," डॉक्टर आणि मेहुणा एकदमच म्हणाले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

बायकोने थर्मासचं झाकण शांतपणे फिरवलं. "बरं. मी दिलेला शब्द पाळते. दोन्ही सायकली खोलीत राहतील. म्हणजे तिथे माणूस एकच मावेल, आणि ते माणूस मी आहे. तुम्हा दोघांना बाहेर गादी घालून देते."

डॉक्टरांनी विचार केला. सायकल वाचली होती. बाकी सगळं सोसण्यासारखं होतं. तरीपण त्यांनी खात्री करून घेतली.

"काय रे, घोरतोस का तू?"

मेहुण्याने ओठ मिटूनच नकारार्थी मान हलवली.

"घोरतो," त्याची ताई म्हणाली.