आधी म्हैस

पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, तरी आकारामतात्या गोठ्याच्या दारातनं हलेनात. त्यांच्याकडं बघून अख्खी गल्ली बसून होती.

"आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं तुम्हाला हलवायचा अधिकार हाय मला," तहसीलदार प्रियदर्शनी म्हणाल्या.

"म्हशीला सोडून न्हाय यायचो. तिलाच सांगा की कायदा!"

बाई कोडोलीच्या, गोठ्यात वाढलेल्या. तात्यांचा नाद सोडून त्यांनी सरळ म्हैसच ट्रकात चढवली.

"अवो मॅडम, धार कोण काढणार?"

"मी काढीन. छावणीत चहाला दूध लागतंयच."

"दुसऱ्याला धार देत न्हाय ती!" म्हणत तात्या रेडकासारखे मागोमाग चढले.

ते बघून शेजाऱ्यांनीही जनावरं सोडली. बाईंनी आणखी ट्रक आधीच मागवून ठेवले होते.